जोर-बैठकांनी वाढलेली छाती उतरते का?

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे विषय आता आपल्या घरांत जेवणाच्या पंगतीतही उघडपणे बोलले जातात. पूर्वी दबक्या आवाजात बोलले जाणारे बाळंतपण आणि गर्भाशयाचे आजारही व्याख्यानमालांतून चर्चेला येतात. एक विषय मात्र अजून उंबऱ्याबाहेर आलेला नाही. तो आहे पुरुषाच्या वाढलेल्या छातीचा.

आपल्या भागात तालीम आहे, लाल माती आहे, विहिरीत पोहणारी पोरे आहेत, जत्रेतली कुस्ती आहे. या साऱ्या ठिकाणी अंगावरचा सदरा उतरवावा लागतो. ज्या मुलाची छाती पुढे आलेली असते, तो हळूहळू या सगळ्यातून बाजूला होतो. भर उन्हाळ्यातही सदऱ्याच्या आत दोन बनियन घालतो, खांदे पुढे झुकवून चालतो, पोहायला चल म्हटले की पोटात दुखते म्हणून सांगतो. घरात कोणाच्या लक्षात आलेच तर एकच सल्ला मिळतो: "वजन कमी कर, जोर काढ, जाईल आपोआप."

हा सल्ला खरा आहे का? तो अर्धा खरा आहे. कोणता अर्धा खरा आणि कोणता नाही, हे एकदा नीट समजून घेतले तर कित्येक मुलांची कित्येक वर्षे वाचतील.

दिसायला एक, आतून दोन

पुरुषाच्या छातीवरही स्तनाग्राच्या मागे स्तनग्रंथीचा अगदी लहानसा अंश जन्मापासून असतो. तो एरवी वाढत नाही. काही कारणाने तो वाढला तर त्याला वैद्यकशास्त्रात 'गायनेकोमास्टिया' म्हणतात. शब्द ग्रीक आहे. त्याचा अर्थ 'स्त्रीसारखे स्तन' असा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्यापासून तो चालत आला आहे आणि सातव्या शतकातल्या पॉल ऑफ ईजायना या ग्रीक वैद्याने त्यावरची शस्त्रक्रियाही लिहून ठेवली आहे. म्हणजे हा आजच्या खाण्यापिण्यातून उपटलेला नवा रोग नव्हे.

दुसरा प्रकार म्हणजे ग्रंथी जशीच्या तशी आणि तिच्या भोवती नुसती चरबी साठलेली. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. अनेकांच्या बाबतीत दोन्ही थोडेथोडे एकत्र असते. आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र इथेच ठरते. चरबी असेल तर वजन उतरल्यावर ती उतरते. ग्रंथी वाढून घट्ट झालेली असेल, तर कितीही धावले तरी ती जागची हलत नाही.

फरक कसा ओळखायचा? डॉक्टर रुग्णाला उताणे झोपवतात, हात डोक्याखाली घ्यायला सांगतात आणि अंगठा व तर्जनी छातीच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे आणतात. मध्ये रबरासारखी घट्ट, गोल, चकतीसारखी गाठ बोटांना अडली तर ती ग्रंथी. बोटे काहीही न अडता मऊपणे स्तनाग्रापर्यंत पोहोचली तर ती चरबी. ग्रंथी वाढू लागते त्या काळात तिथे सदऱ्याचा स्पर्शही दुखतो. चरबी सहसा दुखत नाही. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. शंका उरली तर सोनोग्राफी करता येते.

आयुष्यातल्या तीन वेळा

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जास्त आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक थोडे असते. दोन्ही असतातच. त्यांचा तोल इस्ट्रोजेनच्या बाजूला झुकला की स्तनग्रंथी वाढू लागते. हा तोल निसर्गतःच तीन वेळा ढळतो.

पहिली वेळ जन्माची. आईचे इस्ट्रोजेन वारेतून बाळाकडे येते, म्हणून नवजात बाळाची, मग तो मुलगा असो की मुलगी, छाती थोडी सुजलेली असते. काही आठवड्यांत ती आपोआप बसते. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालताना ती पिळण्याची जुनी चाल आहे. ती सोडून द्यावी. पिळल्याने जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकते. फायदा काहीच नाही.

दुसरी वेळ वयात येण्याची. साधारण १३-१४ व्या वर्षी निम्म्याच्या आसपास, काही पाहण्यांनुसार त्याहूनही जास्त मुलांमध्ये स्तनाग्रामागे लहानशी दुखरी गाठ येते. कधी एकाच बाजूला येते, म्हणून आई-वडील अधिकच घाबरतात. टेस्टोस्टेरॉन पुरेसे वाढले की बहुतेकांची गाठ सहा महिने ते दोन वर्षांत विरून जाते. या काळात काही करायचे नसते. फक्त मुलाला सांगायचे असते की हे नेहमीचे आहे. नेमके तेवढेच आपल्या घरांत होत नाही.

तिसरी वेळ उतारवयाची, पन्नाशीनंतर. टेस्टोस्टेरॉन कमी होत जाते, अंगावर चरबी वाढते आणि औषधेही सुरू झालेली असतात.

चरबी नुसती साठत नाही, कामही करते

आपण समजतो की चरबी म्हणजे कणगीत भरून ठेवलेले धान्य. ती तशी निपचित पडून नसते. चरबीच्या पेशींमध्ये 'अॅरोमटेज' नावाचे विकर असते आणि ते पुरुषी संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. चरबी जितकी जास्त, तितके हे रूपांतर जास्त. म्हणजे स्थूल माणसाच्या छातीवर चरबी साठते ती साठतेच, शिवाय अंगभरची चरबी ग्रंथी वाढवणारे संप्रेरकही तयार करते.

वजन कमी करण्याचा सल्ला जिथे खरा ठरतो तो इथे. वजन उतरले की छातीवरची चरबी कमी होते आणि संप्रेरकांचा तोलही सावरू लागतो. सुरुवातीच्या महिन्यांतली ग्रंथी अजून मऊ असते, तेव्हा तोल सुधारण्याचा उपयोग होऊ शकतो. पण वर्ष उलटून गेले की ग्रंथीत तंतुमय, चिवट ऊतक तयार होते. त्यानंतर तिला ना व्यायाम पुरतो, ना गोळी.

व्यायाम काय करतो, काय करत नाही

जोर काढल्याने छातीचा स्नायू बळकट होतो. हा स्नायू चरबीच्या आणि ग्रंथीच्या खाली असतो. जिथला व्यायाम तिथली चरबी जळेल ही समजूत चुकीची आहे. पोटाचा व्यायाम करून फक्त पोट आणि जोर काढून फक्त छाती उतरत नाही. शरीर चरबी वापरते ती सगळ्या अंगातून. आधी कुठली आणि मागून कुठली, हे ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर अवलंबून असते. उलट, ग्रंथी घट्ट असताना खालचा स्नायू फुगला तर छाती आणखी पुढे दिसू शकते. रोज शंभर जोर काढणारा मुलगा आरशात पाहून हताश होतो, त्याचे कारण हे. त्यात त्याचा आळस नसतो.

मग जोर काढू नयेत का? जरूर काढावेत. ज्याच्या छातीवर मुख्यतः चरबी आहे, त्याची चरबी उतरत असताना खालचा स्नायू भरला तर छातीला आकार येतो. जोर-बैठका, धावणे, पोहणे, शेतातले काम, सायकल यांनी सगळ्या शरीराची चरबी कमी होते आणि ती छातीवरूनही कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे दम लागेल इतपत चालणे किंवा तसा व्यायाम करावा आणि आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा. १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज सरासरी एक तास हालचाल हवी.

फरक दिसायला किती दिवस लागतात? ८० किलोच्या माणसाने ४ ते ८ किलो वजन उतरवले तरी शरीराच्या कारभारात सुधारणा होऊ लागते. छातीतला बदल त्यामागून, काही महिन्यांनी दिसतो. सहा महिने नेमाने वजन उतरले, पोट उतरले, गाल बसले आणि छाती मात्र तशीच राहिली, तर आत ग्रंथी आहे असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. तेव्हा आणखी दोन वर्षे जोर काढत बसणे म्हणजे वेळ घालवणे आहे.

उपाशी राहून झटपट वजन उतरवण्याचा मार्ग तर मुळीच धरू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या युद्धकैद्यांना पोटभर अन्न मिळू लागले, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांची छाती वाढल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. उपासमारीत संप्रेरके मंदावतात आणि अन्न मिळताच शरीर जणू दुसऱ्यांदा वयात येते. आठ दिवस उपाशी राहणारा आणि नवव्या दिवशी ताट भरून खाणारा मुलगा आपल्या शरीराची अशीच ओढाताण करत असतो.

बारीक अंगातली चरबी

"आमचा मुलगा तर बारीक आहे, त्याला कुठली चरबी?" असे अनेक आया विचारतात. याचे उत्तर आपल्याच भाषेच्या मुलखातून मिळाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे एकत्र छायाचित्र छापले. दोघांच्याही उंची-वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, २२.३ असे एकसारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून बारीक आणि आतून चरबीयुक्त अशी आपल्या लोकांची ठेवण असते, हे त्यांनी स्वतःच्याच शरीराच्या दाखल्याने दाखवले. जन्मतः कमी वजनाच्या भारतीय बाळांतही स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते, हेही पुण्याजवळच्या खेड्यांतल्या त्यांच्या अभ्यासातून पुढे आले.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता, असे कडक माप धरतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी असे सांगतात. नुसता वजनकाटा पाहून "मुलगा बारीक आहे" म्हणण्यापेक्षा शिंप्याची टेप कमरेला लावून पाहणे जास्त खरे.

आपले ताट

वजन उतरवायला परदेशी पदार्थ आणायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोडाची उसळ, ताक हे आपले रोजचे अन्न चांगलेच आहे. गडबड होते ती भाताच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाढीत, दिवसातून पाच वेळा होणाऱ्या गोड चहात, संध्याकाळच्या भजी-वड्यात, बाटलीतल्या थंड पेयात आणि कोणी आले-गेले की उघडणाऱ्या कुंद्याच्या डब्यात. सणाला कुंदा खावा, मांडे खावेत. पण रोजचा सण करू नये. आधी भाजी आणि उसळ, मग भाकरी, शेवटी थोडा भात असा क्रम ठेवला तरी पोट लवकर भरते.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन पिकते, म्हणून एक शंका ऐकू येते की सोयाबीन खाल्ल्याने पुरुषांची छाती वाढते. रोजच्या जेवणातल्या प्रमाणात असे होत नाही. दिवसाला कित्येक पेले सोयाचे दूध पिणाऱ्या एखाद्या माणसाचे उदाहरण वैद्यकीय लेखनात आहे. पण आठवड्यातून दोनदा सोयाबीनची भाजी खाणाऱ्याने धास्ती घेण्याचे कारण नाही.

भरतीला जाणारी मुले

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि आपल्या गावांतून सैन्यात जाण्याची परंपरा जुनी आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले आपण रोज पाहतो. भरतीत धावणे पार पडल्यावर वैद्यकीय तपासणी असते आणि तिथे छातीही पाहतात. उघड दिसणारी स्तनवाढ हे त्या वेळेपुरते अपात्र ठरण्याचे एक कारण आहे. वर्षभर घाम गाळलेला मुलगा धावण्यात पहिला येऊनही अशा कारणाने परत येतो आणि घरी खरे कारण सांगायलाही लाजतो.

भरतीचे वय साडेसतरापासून सुरू होते. वयात येताना आलेली गाठ साधारण त्या वयापर्यंत विरलेली नसेल, तर ती पुढे आपोआप जाण्याची शक्यता फार कमी असते. म्हणून सोळा-सतराव्या वर्षीच एकदा दाखवून घेणे शहाणपणाचे. चरबी असेल तर धावण्याबरोबर आहार सांभाळून ती उतरवायला वेळ मिळतो. ग्रंथी असेल तर शस्त्रक्रिया करून, जखम पूर्ण भरून मुलगा पुन्हा उभा राहू शकतो. किती आठवडे थांबायचे ते त्या त्या भरतीच्या नियमांत पाहून घ्यावे.

औषधे, दारू आणि इंजेक्शने

मोठ्या माणसाची छाती अचानक वाढू लागली तर आधी त्याच्या गोळ्यांची पिशवी पाहावी. हृदयाच्या आणि यकृताच्या आजारात दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन, प्रोस्टेटसाठी आणि केस गळतीसाठी दिली जाणारी फिनास्टेराइड, प्रोस्टेटच्या कर्करोगातली बायकॅल्युटामाइड, आम्लपित्तावरची सिमेटिडिन, मानसिक आजारातली रिस्पेरिडोन यांनी असे होऊ शकते. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे, बहुतेक वेळा पर्यायी औषध असते.

दारू हे दुसरे कारण. सततच्या दारूने यकृत खराब झाले की ते इस्ट्रोजेनचा निचरा नीट करू शकत नाही आणि अंडग्रंथींवरही परिणाम होतो. अशा माणसाने जोर काढण्याआधी बाटली सोडायला हवी.

तिसरे कारण नव्या व्यायामशाळांतले. लवकर अंग भरावे म्हणून काही मुले स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. बाहेरून घेतलेले जादा टेस्टोस्टेरॉन शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलते आणि छाती वाढते. इंजेक्शन बंद केल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते. छाती कमी करायला व्यायामशाळेत गेलेला मुलगा छाती वाढवून परत येतो, तो असा. दूध, अंडी, डाळ यांवर पोसलेल्या जुन्या पैलवानांना याची गरज पडली नव्हती, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

याखेरीज थायरॉइड वाढणे, मूत्रपिंड निकामी होणे, अंडग्रंथीतील गाठ, तसेच क्लाइनफेल्टर नावाची जन्मजात स्थिती, जी सुमारे पाचशे ते हजार मुलग्यांमागे एकात आढळते, ही कारणेही असू शकतात. म्हणून डॉक्टर छातीबरोबर अंडग्रंथीही तपासतात. त्यात संकोच धरू नये.

केव्हा एक दिवसही थांबू नये

स्तनांचा कर्करोग पुरुषांनाही होतो. स्तनांच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे १ टक्का पुरुषांत असतो. गाठ दगडासारखी कठीण असेल, स्तनाग्राच्या मधोमध नसून एका बाजूला असेल, कातडी आत ओढली गेली असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल, काखेत गाठ लागत असेल, तर व्यायाम, लेप, मालिश यात एक दिवसही घालवू नये. अशा गाठीवर शेक देणे, चोळणे तर नकोच. पुरुषाला हा रोग होतो हेच माहीत नसल्यामुळे अनेक जण उशिरा पोहोचतात.

उरलेली ग्रंथी

ग्रंथी नवी आणि दुखरी असेल तर काही रुग्णांना डॉक्टर थोड्या महिन्यांसाठी टॅमॉक्सिफेनसारखी गोळी देतात. जुन्या ग्रंथीला शस्त्रक्रियाच लागते. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने अर्धगोल छेद घेऊन ग्रंथी काढण्याची पद्धत १९४६ साली वेबस्टर यांनी मांडली. छेद त्या कडेत लपून जातो. चरबी जास्त असेल तर ती नळीने ओढून काढतात. नंतर काही आठवडे घट्ट पट्टा किंवा जाकीट घालावे लागते. वयात येणे पूर्ण होण्याआधी घाई करू नये आणि स्थूल माणसाने आधी वजन उतरवून स्थिर करावे, म्हणजे काम कमी आणि परिणाम टिकाऊ. ज्यांचे वजन फारच उतरते त्यांची कातडी लोंबते, ती मात्र व्यायामाने आवळत नाही. या सल्ल्यासाठी लांब जावे लागत नाही. बेळगावचे जिल्हा रुग्णालय आणि केएलईचे रुग्णालय आपल्याला जवळ आहेत.

घराने काय करावे

वाचकहो, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे: चरबी असेल तर वजन उतरवून आणि व्यायामाने छाती उतरते, ग्रंथी असेल तर ती एक तर वयाबरोबर जाते, नाही तर वैद्याच्या हातूनच जाते. कोणती आहे ते तपासल्याशिवाय दिलेला सल्ला अंधारातला.

आणखी एक गोष्ट फक्त घरालाच करता येते. थट्टेतली टोपणनावे थांबवायची. मामाने, काकाने, चुलतभावाने लग्नघरात सहज केलेली थट्टा पोराच्या मनात वर्षानुवर्षे राहते. तो पोहायचे सोडतो, तालीम सोडतो, खेळ सोडतो आणि ज्या व्यायामाने त्याची चरबी उतरली असती तोच त्याच्या हातून सुटतो. वडिलांनी किंवा थोरल्या भावाने एकदा बाजूला घेऊन, "हे पुष्कळ जणांना होते, आपण दाखवून घेऊ," एवढे म्हणावे. मोठ्या मुलग्याशी बोलायला आईला अवघड वाटले तर तालमीतल्या वस्तादांना किंवा शाळेतल्या गुरुजींना सांगावे. हे वाक्य ऐकायला मिळाले, तर मुलगा अंगावरचा दुसरा बनियन काढून ठेवील आणि पुन्हा मातीत उतरेल.